सून खाली, सासू वर

"तुमच्यात जाड माणूस कोण आहे?"

जोतीराम मिस्त्री देवळाच्या दारात उभा राहून हे विचारत होता, आणि मी आतल्या खोलीत पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून गौरीहरापुढं बसले होते. माझ्या लग्नाच्या दिवशी, मुहूर्त डोक्यावर आलेला असताना, साऱ्या वऱ्हाडासमोर या माणसाला विचारायला दुसरं काही सुचू नये? आईचा चेहरा गोरामोरा झाला. गोपाळमामानं पुढं होऊन खोलीचं दारच ओढून घेतलं.

"जाड? आमच्यात कुणी जाड नाही," मामा बाहेर म्हणाला. "का? काय पाहिजे?"

"मला कशाला काय पाहिजे? नवरदेवाला वर आणायचाय."

ज्यांनी निंबळगडची गाडी पाहिली नाही त्यांना हे बोलणं वेड्यासारखं वाटेल, म्हणून सांगते. गड म्हणजे आता दोन पडके बुरूज, एक दरवाजा आणि मधोमध जोगळाईचं देऊळ. पण वरून खाली बघावं तर नदीचं वळण आणि उसाचे हिरवेगार पट्टे. बघत बसावंसं वाटतं. संस्थानच्या कुणा राजेसाहेबांनी विलायतेला डोंगर चढणारी गाडी पाहिली, आणि आईसाहेबांचे गुडघे धरले होते म्हणून तशीच इथं बांधली. एक दोर, दोन डबे. दोर वरच्या भल्यामोठ्या चाकावरून गेलेला, त्याच्या एका टोकाला एक डबा, दुसऱ्या टोकाला दुसरा. इंजिन नाही, वीज नाही. वर असलेल्या डब्याच्या पोटातली टाकी झऱ्याच्या पाण्यानं भरायची. डबा जड झाला की खाली निघायचा आणि खालच्याला वर ओढायचा. डब्यांना राजघराण्यातली भारदस्त नावं दिली होती म्हणे, पण सगळा मुलूख त्यांना सासू आणि सून म्हणायचा. एक वर गेली की दुसरी खाली आलीच पाहिजे, एका ठिकाणी दोघी कधी नाहीत. मध्यावर रूळ दुहेरी होतात, तिथं एकमेकींच्या अंगावरून जायच्या, पण थांबायच्या नाहीत.

त्या दिवशी सून वर होती आणि सासू खाली. सासूत बसायला खाली कोण उभं होतं, तर माझा होणारा नवरा मुकुंद, त्याची आई, म्हणजे माई, दोन करवल्या आणि एक काका. बाकीचं वऱ्हाड सकाळच्या फेरीनं वर येऊन सरबत पीत बसलं होतं.

आणि टाकीत भरायला पाणी नव्हतं.

पाणी गेलं कुठं? तर मसालेभातात. सकाळी आमच्या आचाऱ्यानं जोतीरामला विचारलं, पाणी कुठलं घेऊ? जोतीरामच्या हातात तेव्हा गरम जिलेबी होती. तो म्हणाला, "हौद भरलाय की, घ्या." आचाऱ्यानं घेतलं. भाताला घेतलं, मठ्ठ्याला घेतलं, वर सगळी भांडीही विसळून काढली. वैशाखातला झरा, करंगळीएवढी धार. हौद भरायला संध्याकाळ होणार होती.

"काळजी नको," जोतीराम आबांना सांगत होता. आबा म्हणजे माझे वडील. "उन्हाळ्यात आम्ही माणसांवर गाडी चालवतो. खाली बसणाऱ्यांची वजनं विचारायची, वर त्याहून जास्त वजनाची माणसं बसवायची. सोडला ब्रेक की झालं काम."

"दगड टाका की डब्यात," मामा म्हणाला. "सगळा गड पडलाय, दगडांना काय तोटा?"

त्याबरोबर गुरव, जोतीराम आणि आमचे भटजी तिघंही अंगावर धावून आल्यासारखे ओरडले. जोगळाईचा दगड गडावरून खाली न्यायचा नाही! कुणीतरी एकदा पाटा-वरवंटा करायला म्हणून नेला होता, तर गावाला पंधरवडाभर उलट्या लागल्या होत्या.

पायऱ्या होत्या, पण माईंचे गुडघे होते. मुकुंद पायी यायला तयार होता, तर माईंनी त्याला खालीच दटावलं. नवरदेव घामाघूम होऊन बोहल्यावर चढणार? आणि आई खाली राहणार? जोतीरामकडं हँडल फिरवायचा फोन होता. त्यावरून माईंचा निरोप आला. मुहूर्तापर्यंत गाडीची सोय झाली नाही तर आम्ही आमच्या वाटेनं परत जातो.

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

तिला रडायला कारण होतं. आधी कितीतरी स्थळं आली नि गेली होती. मुलगी छान आहे, शिकलेली आहे, स्वयंपाक उत्तम, पण... त्या 'पण'मध्ये मी सगळी मावत होते. आबांचं गुळाचं अडत दुकान. लहानपणी मी ढेपांच्या काट्यावर चढून बसायचे तेव्हा हमाल हसायचे, मीही हसायचे. पुढं पुढं माझं हसू गेलं, त्यांचं राहिलं. काट्याशेजारून जायचं झालं तरी मी रस्ता बदलायचे.

शेवटी मामानं कंबर कसली. मुकुंदचं स्थळ पाहायला आलं तेव्हा मी आधीपासूनच बसलेली, आणि माझ्यासमोर पेटी. मला पेटीतलं ओ की ठो कळत नाही. पेटीवर शाल, शालीवर फुलदाणी. माई म्हणाल्या, "एखादं पद म्हण." मामा म्हणाला, "घसा बसलाय." माई म्हणाल्या, "बरं, राहू दे. आमच्याकडं सगळी बेताची माणसं. सूनही बेताची हवी." मामा म्हणाला, "बेताचीच आहे." मी फुलदाणीमागून मुकुंदकडं पाहिलं. काडीसारखा, गणिताचा मास्तर, डोळे मात्र हसरे. मला तो फार आवडला, आणि म्हणूनच मला फार लाज वाटली. पाहुणे निघेपर्यंत मी उठायचं नव्हतं. गंमत म्हणजे पाहुणेही उठेनात. माई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. शेवटी आमच्या आईनं मला आत हाक मारायच्या ऐवजी आबांनाच बाहेर बाग दाखवायला पाठवलं, तेव्हा कुठं सगळे हलले.

रात्री आबा आईला हळूच म्हणाले होते, "विहीणबाई उठल्या तेव्हा खुर्चीही उठली बरं का." आई म्हणाली, "चूप बसा."

तर आता अक्षता पडेपर्यंत माईंसमोर मी उभं राहायचं नाही, असा मामाचा हुकूम होता. एकदा अक्षता पडल्या की मग कोण काय करतंय!

बाहेर जोतीराम फोनचं हँडल फिरवत होता. त्याची पद्धत अशी की खालचा तुका ब्रेकवाला वजन सांगायचा आणि हा ते मोठ्यानं ओरडून परत म्हणायचा, चूक व्हायला नको म्हणून. मी दाराच्या फटीला कान लावला.

"नवरदेव, बावन्न! काका, साठ! करवल्या, चाळीस आणि एक्केचाळीस! आईसाहेब..." तो जरा थांबला. "पंचावन्न!"

आबांना ठसका लागला. ज्या माणसानं जन्मभर ढेप नुसती बघून तिचं वजन सांगितलं, त्याला हे पंचावन्न गिळवेना. पण वरपक्ष! आबांनी सरबताचा घोट घेतला.

मग आमची माणसं सुनेत चढायला लागली. आमचं खानदान म्हणजे मी सोडून सगळे वाळक्या शेंगा. चुलतभाऊ चढला, त्यानं मिशीला पीळ देत साठ सांगितले, तो पन्नासच्या वर एक चण्याचा दाणा नव्हता. आत्या चढली, भटजी चढले, मागून आणखी दोन शेंगा चढल्या. जोतीराम स्वतः ब्रेकवर बसला, बोटांवर बेरीज केली, म्हणाला, "झालं. भरपूर झालं." ब्रेक सोडला. सून जरा कुरकुरली आणि गप्प उभी राहिली.

"हे कसं?" जोतीराम म्हणाला. "हिशेब तर बरोबर आहे. खालून कुणीतरी खोटं बोललंय."

"तोंड सांभाळ!" आबा कडाडले. "वरपक्ष खोटं बोलत नाही!"

"वरपक्ष नसेल बोलत, पण दोर खोटं बोलत नाही ना."

"मग दोर खोटा!"

आता करायचं काय? खाली फोन करून विचारायचं की विहीणबाई, नक्की पंचावन्नच ना? कोण विचारणार? आमच्याकडं वऱ्हाडाच्या पायावर पाणी घालायचं असतं, त्यांची वजनं तपासायची नसतात. वर बसलेल्या त्यांच्या पाहुण्यांना डब्यात चढा म्हणावं, तर तेही होईना. "पाहुण्यांना पोत्यासारखं बसवू?" आबा म्हणाले. ते पाहुणे ऐकत होते आणि चढायचं नावही काढत नव्हते. दोघं चांगले गलेलठ्ठ होते, त्यांनी बुरूज बघायला जातो म्हणून काढता पाय घेतला.

मामानं मग कांद्याचं पोतं टाकलं. जिलेबीच्या पराती चढवल्या. मसालेभाताची दोन्ही पातेली, मठ्ठ्याचा पिंप. आचारी पातेल्याला मिठी मारून ओरडत होता, तर त्यालाही पातेल्यासकट चढवला. ब्रेक सोडला. सून जागची हलेना.

"थोडक्यात राहिलंय हो," जोतीराम कळवळून म्हणाला. "अजून एक भरभक्कम माणूस पाहिजे. एकच!"

फोन खणखणला. तो ऐकून जोतीरामनं आबांकडं पाहिलं. "त्या म्हणताहेत, टेंपोवाल्याला बोलावलंय."

दाराच्या फटीतून मला आबांची पाठ दिसली. माझ्या आबांची पाठ एवढी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती. गुळाच्या बाजारात ज्यांच्यापुढं कुणी ब्र काढत नाही, ते आबा दोन्ही हात कमरेवर ठेवून रिकाम्या हौदाकडं बघत उभे होते. मला भडभडून आलं, आणि त्याच्या मागोमाग असा राग आला की विचारू नका. मामाचा आला, पेटीचा आला, त्या फुलदाणीचा आला. मी गौरीहराला नमस्कार केला आणि उठले.

"अगं बस! बस!" आई ओरडली. "गौरीहरावरून उठायचं नसतं! मामानं न्यायचं असतं!"

"मग मामाला म्हणावं, चल," मी म्हटलं आणि दार उघडलं.

देवळापासून गाडीच्या ओट्यापर्यंत मी चालत गेले तेव्हा सगळं वऱ्हाड उभं राहून बघत होतं. मागून मामा दोन्ही हार घेऊन धावत आला आणि पुटपुटत होता, "वाटोळं केलंस, पोरी, वाटोळं." मी डब्याच्या पायरीवर पाय ठेवला. जोतीरामनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा मला बघून आजवर कुणाच्याच पसरला नव्हता.

"देवी पावली!" तो म्हणाला. "ताई, वजन किती?"

"कशाला पाहिजे? बसते ना मी."

"पद्धत आहे, ताई. खाली कळवावं लागतं."

मी आबांकडं पाहिलं. आबांनी मान खाली घातली नाही, एवढं मला आठवतं.

"ब्याण्णव," मी म्हटलं.

जोतीरामला एकदा ऐकून समाधान नव्हतं. तो ओट्यावर उतरला, हँडल फिरवलं आणि साऱ्या गडाला ऐकू जाईल असा ओरडला, "नवरी! ब्याण्णव!"

बँडवाल्याच्या हातातली टिपरी खाली पडली. फोनच्या त्या टोकाला तुकानं ते मोठ्यानं परत म्हटलं असणार. मग खालून काहीच ऐकू येईना. मी डब्यात मसालेभाताच्या पातेल्याशेजारी बसले होते, मामा हारांसकट माझ्यामागं चढला होता आणि माझ्या कानातून वाफा निघत होत्या. जोतीराम फोन कानाला लावून उभाच.

"काय म्हणताहेत?" आबांनी विचारलं.

"कुणी काही म्हणत नाही." मग तो दचकला. "हां! नवरदेव बोलतोय. म्हणतोय, गाडी सोडा."

"आणि विहीणबाई?"

"त्यांचा आवाज नाही."

ब्रेक सुटला. सून एकदा कुरकुरली, मग हसल्यासारखी खुळखुळली आणि निघाली. डब्यात आत्या टाळ्या वाजवायला लागली, आचारी देवीचं नाव घेत पातेलं धरून बसला. उन्हात खालची नदी चकाकत होती, मी मात्र समोरून वर येणाऱ्या डब्याकडं बघत होते. माई काय म्हणतील? मध्यावर समोरासमोर येऊ तेव्हा कुठं बघू?

आणि भटजींनी मनगटावरचं घड्याळ पाहून किंकाळी फोडली. "अहो, मुहूर्त! मुहूर्त इथंच गाठतोय! नवरा वर जाणार, नवरी खाली जाणार, लग्न कधी लागणार?"

एवढ्या गडबडीत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नवरदेवाला वर आणायला आम्ही नवरीलाच खाली पाठवत होतो!

"थांबवा गाडी!" मामा ओरडला.

"सासू-सुनेला कधी थांबवलेलं नाही," जोतीराम म्हणाला.

"तर आज थांबव!"

जोतीरामनं समोरच्या तुकाला हात केला. दोघांनी एकदमच ब्रेक ओढले आणि डोंगराच्या मध्यावर, दुहेरी रुळांवर, दोन्ही डबे खिडकीला खिडकी लागून उभे राहिले. भटजींनी स्वतःचं उपरणं काढून मध्ये धरलं. त्याचं एक टोक मामाच्या हातात, दुसरं पलीकडं काकांच्या. मंगलाष्टकं सुरू झाली. वारा होता, उपरणं सारखं उडत होतं, आणि उडालं की मला मुकुंद दिसत होता. तो माझ्याकडंच बघत होता.

"ब्याण्णव?" त्यानं हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मी बावन्न. सरासरी बहात्तर. उत्तम आहे."

मला एकदम हसू फुटलं. भटजींनी डोळे वटारले. अक्षता म्हणून आत्यानं मूठभर मसालेभात उचलला होता, आचाऱ्यानं तिचा हात धरला. मामानं एक हार खिडकीतून पलीकडं दिला, आम्ही वाकून एकमेकांच्या गळ्यात हार घातले. मुकुंद एवढा वाकला की काकांनी त्याला कमरेला धरून ठेवलं.

माई त्याच्या मागं बसल्या होत्या. अंगाभोवती शाल, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मंगळसूत्र त्या पर्समध्ये होतं. भटजी म्हणाले, "आईसाहेब, मंगळसूत्र?" माईंनी पर्स उघडली नाही. "ते देवीपुढं," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूला डोंगराकडं तोंड फिरवलं.

ब्रेक सुटले. तो वर गेला, मी खाली गेले. आमचं अर्धं लग्न झालं होतं.

खाली उतरल्यावर डबा हलका करायचा म्हणून सगळी माणसं आणि सगळं जेवण उतरवलं. पातेली चिंचेच्या झाडाखाली मांडली. मला वर ओढून घ्यायला आता वरून कुणीतरी जड माणूस खाली यायला हवं होतं. मुकुंद येऊन काय उपयोग? तो खाली आला की मी वर, परत तेच. शिवाय बावन्न किलोत मी कसली हलते? आमची माणसं बहुतेक खालीच आलेली, पाहुण्यांना चढा म्हणायची सोय नाही, आणि त्यांच्यातले ते दोघं जाडे बुरुजांत दडलेले. मी रिकाम्या डब्यात एकटी बसून राहिले. खरं सांगू? मी मनाशी धरूनच बसले होते की आता फोन येईल आणि जोतीराम तोंड पाडून सांगेल, ताई, त्यांनी नको म्हटलं. फसवून लग्न लावलं होतं आमच्या लोकांनी. चिडायचा हक्क होता माईंना. पर्स घट्ट धरलेले ते हात काही माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते.

फोन वाजला. जोतीरामनं उचलला. वर आता तुका होता.

"काय? परत सांग." तो ऐकत राहिला. माझ्याकडं पाहिलं. मग सवयीनं, सगळ्या पायथ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "सासूबाई! चौऱ्याण्णव!"

चिंचेखाली आत्याच्या हातातला डाव पडला.

"ताई, त्या बोलताहेत," जोतीराम म्हणाला आणि फोनची दोरी ताणून त्यानं तो माझ्या कानाशी धरला.

"वेणू," माईंचा आवाज आला. खरखरीत, जरा धाप लागलेला. "मी निघतेय गं. दोन किलो जास्तच आहे मी तुझ्याहून. जोडीला काका घेतलेत. आता तू बिनघोर बस."

"अहो पण माई, तुम्ही खाली आलात तर मंगळसूत्र..."

"ते मुकुंदाकडं दिलंय."

"तुम्हाला दिसणार नाही मग!"

एकुलता एक मुलगा होता तिचा. "नाही दिसणार," ती म्हणाली. "पण तू तेवढं त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलंस ना. मला शालीत गुंडाळून बसायची सवय लागली होती, बाई. बस आता, ब्रेक सोडतोय हा."

लग्नात मी रडले नव्हते, तेव्हा मात्र धो धो रडले. जोतीराम गडबडून म्हणाला, "ताई, रडून हलकं नका होऊ, हिशेब चुकेल."

डबा सरकला. वर वर जाताना समोरून ती येताना दिसली. शाल काढून टाकलेली, खिडकीतून अर्धी बाहेर, काकांनी मागून पदर धरलेला. मध्यावर डबे एकमेकांजवळ आले. मी हात बाहेर काढला, तिनंही काढला. तिचा हात माझ्याहून जाड होता, आणि मऊ.

"वर जाऊन आधी सगळ्यांना जेवायला वाढ!" ती ओरडली. "खोळंबलीत माणसं!"

"वर काही नाही, माई!" मी ओरडले. "सगळं जेवण खाली आलंय! चिंचेखाली!"

माईंचा चेहरा एकदम उजळला. डबे दूर होत गेले तरी तिचं हसणं मला ऐकू येत होतं. उन्हात पायऱ्या कोण उतरणार? संध्याकाळी हौद भरून गाडी चालू होईपर्यंत निंबळगडावरच्या साऱ्या वऱ्हाडानं, नवरा-नवरीसकट, नुसत्या पाण्यावर दिवस काढला, आणि माझी सासू खाली सावलीत बसून जिलेबी जेवली.